चाकातला च

३ मार्च, मंगळवार

औषधाच्या सेंटरवरच्या समुपदेशक बाईंनी ही वही ठेवायला सांगितली आहे. रोज तोंडात काय दुखलं, काय खाल्लं, पाणी किती प्यायलं, एवढंच लिहायचं. एवढंच लिहून थांबायचा माझा स्वभाव नाही, हे त्यांना माहीत नसावं.

तर तोंड. खालच्या हिरड्या सुजल्यात, ब्रश लावला की रक्त येतं. वरचे पुढचे दोन दात जिभेने ढकलले की हलतात आणि जीभ दिवसभर तोच उद्योग करते. डाव्या गालाच्या आत फोड. तिखट, आंबट, गरम आणि कुरकुरीत बंद. आज दोन्ही वेळा दुधात बुडवलेला पाव. तोंडाला कोरड इतकी की बोलता बोलता जीभ टाळूला चिकटते.

एचआयव्ही नऊ वर्षं माझ्या सोबतीला आहे. तो कसा आला, हे लोकांना सगळ्यात आधी ऐकायचं असतं, म्हणून ते मी इथेही लिहिणार नाही. गोळ्या वेळच्या वेळी घेते. रक्तात विषाणू सापडत नाही, असा रिपोर्ट सलग चार वर्षं येतो आहे. अंगात ताकद आहे, हाताला काम आहे. आता सगळं सुरळीत चाललेलं असताना दातांनी बंड करावं, हे मला मंजूर नाही.

५ मार्च, गुरुवार

लोकांचं पोट हातावर असतं, माझं तोंडावर आहे. छापखान्यात मी वाचक आहे. लेखकाची मूळ प्रत मी मोठ्याने वाचते आणि समोर बसलेला प्रूफवाला छापलेल्या कच्च्या कागदावरून नजर फिरवतो. माझ्या तोंडून एक आलं आणि त्याच्या कागदावर दुसरं असलं, की तो लाल पेन टेकवतो. विरामचिन्हंही वाचायची. 'पाणी स्वच्छ असावे पूर्णविराम नवा परिच्छेद.' नवीन होते तेव्हा घरी ताईलाही मी 'वाढ गं पूर्णविराम' म्हणायचे. ताई म्हणायची, स्वल्पविरामावर थांब, भाजी शिजायची आहे.

प्रूफवाल्याला मी मनातल्या मनात अनुस्वार म्हणते. ठेंगणा, गोल, आणि कुणी टिंब विसरलं तर त्या दिवशी धड जेवत नाही. अकरा वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसतो. हल्ली त्याने आपली खुर्ची हातभर मागे सरकवली आहे आणि तोंडाशी रुमाल धरून बसतो. माझ्या तोंडाला वास येत असणार. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तो अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन भावाकडे जातो, तसा आजही गेला. तो गेल्यावर मी हाताच्या तळव्यावर श्वास सोडून वास घेऊन पाहिला आणि खूप वाईट वाटलं.

७ मार्च, शनिवार

कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरकडे गेले. फॉर्मवर 'इतर आजार' असा रकाना होता, त्यात खरं ते लिहिलं. फॉर्म आत गेला. थोड्या वेळाने मदतनीस मुलगी बाहेर आली आणि फरशीकडे बघत म्हणाली, "मशीन बिघडलंय. कधी दुरुस्त होईल सांगता येत नाही."

मशीन बिघडलेलं असूनही आतून त्याचा आवाज छान येत होता. मी म्हटलं, "बिघडलेलं असून काम चांगलं करतंय." ती तशीच आत गेली. तिचा राग नाही आला, तिला ज्याने पाठवलं त्याचा आला.

घरी ताई म्हणाली, "खरं लिहायची काय गरज होती?" मग स्वतःच म्हणाली, "सगळेच काढून टाक आणि कवळी बसव. कटकट मिटेल." ताईने मला नऊ वर्षं सांभाळलं आहे. माझ्यासाठी घरातल्या सगळ्यांचा भात मऊ होतो आणि कुणी तक्रार केली तर ती डोळे वटारते. पण माझे दात मला हवेत. ते माझ्या जबड्यात बत्तीस वर्षं आहेत, त्यांना मी असं हाकलून देणार नाही.

११ मार्च, बुधवार

आज जे झालं ते हसू येईल असं आहे, पण मला आलं नाही.

आपल्या भाषेत च दोन आहेत. एक चहातला, तो टाळूवर उमटतो. दुसरा चाकातला, त्याला पुढच्या दातांचा आधार लागतो. माझा चहातला शाबूत आहे. चाकातला च गेल्या काही आठवड्यांत घसरला आणि त्याचा स झाला. चाक म्हणायला जावं तर साक होतं. चुना म्हणावा तर सुना. मला वाटत होतं ते फक्त मला ऐकू येतं.

पाळीव जनावरांवरचं पुस्तक चाललं आहे. मूळ प्रतीत होतं, 'खरेदीपूर्वी घोड्याची चाल नीट पाहावी.' संगणकावर जुळणी करणाऱ्या मुलीने अक्षर न लागल्यामुळे 'साल' टाकलं होतं. मी वाचलं 'चाल', माझ्या तोंडून बाहेर पडलं 'साल', अनुस्वारच्या कागदावर होतं 'साल'. सगळं जुळलं. पुढच्याच ओळीत 'ती खडबडीत नसावी' असं होतं, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. सोळा पानं छापून झाली आणि लेखकाचा फोन आला. त्याने विचारलं, घोडा विकत घ्यायचा आहे की केळं.

१३ मार्च, शुक्रवार

मालकांनी दोघांना बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत अनुस्वार म्हणाला, "चूक माझी आहे. मला हल्ली कमी ऐकू येतं." त्याला टेबलाच्या पलीकडून पेनाचं टोपण पडलेलं ऐकू येतं.

मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमचं वाचणं पूर्वीसारखं राहिलं नाही. वैशाखात शाळेच्या पुस्तकांचं काम येतंय. तोवर काय ते दुरुस्त करून घ्या, नाहीतर मला दुसरा आवाज बघावा लागेल." ते वाईट माणूस नाहीत. पण 'दुसरा आवाज' हे त्यांनी नळाची तोटी बदलावी तसं म्हटलं.

बाहेर आल्यावर मी अनुस्वारला विचारलं, माझ्यासाठी खोटं का बोललात. तो म्हणाला, "कोमट पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा आणि मीठ. खाल्ल्यावर प्रत्येक वेळी गुळण्या. आणि ब्रश मऊ घ्या." एवढं बोलून पाण्याची बाटली तोंडाला लावली. दिवसभरात तीन बाटल्या पितो. फोड आलेल्या तोंडाचं याला इतकं कसं माहीत, कोण जाणे. वाचत असेल कुठेतरी.

१७ मार्च, मंगळवार

मोठ्या दवाखान्याच्या दातांच्या विभागात गेले. लांबलचक हॉल, बाकांच्या सहा रांगा, समोर नोंदणीची खिडकी. तरुण डॉक्टरीण भली निघाली. आरसा घालून तोंड बघितलं आणि म्हणाली, "दात वाचतील. हिरड्यांच्या आतून सफाई करावी लागेल, चार-पाच वेळा यावं लागेल. पण लवकर सुरू करायला हवं, महिनाभर थांबलात तर मग माझ्या हातात काही नाही." 'वाचतील' हा शब्द मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतला.

मग खिडकीतल्या बाईने केस पेपर माझ्याकडे सरकवला. वरच्या कोपऱ्यात लाल शाईत लिहिलं होतं, 'शे.' मी विचारलं हे काय. ती म्हणाली, "तुम्हाला शेवटचा नंबर. तुमच्यासारख्यांना शेवटीच घेतात."

एक वाजता विभाग बंद होतो. पावणेएकला माझ्या आधी चार जण होते. एक वाजता खिडकी बंद झाली.

२४ मार्च, मंगळवार

सकाळी आठला गेले, एकला परत आले. नंबर आला नाही. माझ्या बाकावर आणखी तिघे होते, तेही 'शे.' त्यातला एक रिक्षावाला पाचव्यांदा आला होता. पहिल्यांदा आला तेव्हा दाढ किडली होती, आता ती उरलेलीच नाही. तो म्हणाला, "असंच आहे इथलं." ते त्याने पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं सहज म्हटलं, त्याचा मला जास्त राग आला.

शेवटच्या नंबरातला डाव आता लक्षात आला. नाही म्हणायला नको, आणि करायलाही नको.

२५ मार्च, बुधवार

अनुस्वारने विचारलं, दवाखान्यात काय झालं. माझा आजार त्याला सांगितलेला नाही, म्हणून फक्त म्हटलं, नंबर येत नाही, कायम शेवटचा देतात. त्याने लाल पेनाचं टोपण मिटलं. मग म्हणाला, "माझ्या भावालाही तसंच केलं होतं. दोन महिने शेवटच्या बाकावर बसला. मग जायचंच सोडलं त्याने."

"आता कसे आहेत दात?"

"आहेत तेवढ्यावर भागवतो," तो म्हणाला आणि रुमालाने तोंड पुसलं.

भावाचा एवढा जीव आहे याच्यावर आणि याचा भावावर. माझी ताई आठवली.

३१ मार्च, मंगळवार



आठला गेले. खिडकीत केस पेपर दिला. त्याआधी बाकावर बसून एक काम केलं होतं. 'शे.' वर प्रुफातली काढून टाकण्याची खूण केली, समासात शेपूट ओढलं, आणि शेजारी लिहिलं '१'. खिडकीतली बाई म्हणाली, "सरकारी कागदावर खाडाखोड करता?"

मी म्हटलं, "खाडाखोड नाही. दुरुस्ती आहे."

"शेवटी बसा."

तिच्या डोक्यावर भला मोठा फलक आहे, निळ्या अक्षरांचा. मला काय झालं माहीत नाही. मी मागे वळले, हॉलकडे तोंड केलं आणि वाचायला लागले. घरातल्या आवाजात नाही, कामाच्या आवाजात.

"सूचना अपूर्णविराम नवी ओळ. येथे प्रत्येक रुग्णानंतर सर्व साधने निर्जंतुक केली जातात पूर्णविराम. आजाराच्या कारणावरून कोणाशीही भेदभाव केला जात नाही पूर्णविराम. अधिक चौकशी खिडकीवर करावी पूर्णविराम."

'चौकशी'ची 'सौकशी' झाली. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मी ती ओळ पुन्हा वाचली, पुन्हा 'सौकशी' झाली, आणि म्हटलं, "हसा. पुढचे दात हलतात म्हणून असं होतं. ते बसवून घ्यायला आलेय. मला एचआयव्ही आहे आणि दोन मंगळवार मला शेवटी बसवून परत पाठवलंय."

मी फलक पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. पहिल्या पूर्णविरामापर्यंत पोचले तेव्हा मोठे डॉक्टर हातमोजे घालूनच बाहेर आले. हळू आवाजात म्हणाले, "बाई, गैरसमज होतोय. तुम्हाला शेवटी घेतो कारण नंतर खुर्ची, साधनं सगळं नीट साफ करायला वेळ मिळतो."

मी हळू आवाजात बोलले नाही. "म्हणजे इतरांच्या नंतर नीट साफ करत नाही?"

मी बाकांकडे हात केला. "या बाकांवर कुणाला काय आहे, तुम्हाला ठाऊक आहे का? त्यांना स्वतःला तरी ठाऊक आहे का? मी सांगितलं म्हणून मी शेवटी. ज्याला माहीतच नाही तो पहिला. मग पहिल्यानंतर जी सफाई करता ती चांगली असेल तर मी पहिली चालते. आणि ती चांगली नसेल तर या सगळ्यांना आत्ताच सांगा."

हॉलमधल्या चाळीस-पन्नास जणांनी डॉक्टरांकडे बघितलं. ते माझ्या बाजूने झाले, माझ्यासाठी नव्हे, स्वतःच्या तोंडासाठी. मला तेही चाललं. एक म्हातारे आजोबा उठून म्हणाले, "सांगा ना डॉक्टर, माझा तिसरा नंबर आहे."

डॉक्टर म्हणाले, "सगळ्यांनंतर सारखीच सफाई होते."

"मग झालं तर," आजोबा म्हणाले आणि बसले.

मला पुढच्या मंगळवारचा नऊचा नंबर मिळाला. माझ्या बाकावरच्या त्या तिघांनाही सकाळचे मिळाले. जिने उतरताना मी मधल्या पायरीवर बसून राहिले. नऊ वर्षं जे चार माणसांना ठाऊक होतं ते मी एका दमात पन्नास जणांना सांगितलं होतं.

१ एप्रिल, बुधवार

जुळणी करणाऱ्या मुलीची मावशी काल त्या हॉलमध्ये होती. म्हणजे छापखान्याला सगळं माझ्याआधी पोचलं. मुलीने आपली खुर्ची खिडकीपाशी नेली. मालक म्हणाले, "मला काही म्हणायचं नाही, पण तब्येत सांभाळा," आणि दार अर्धवट उघडं ठेवून उभे राहिले.

ताईला काल रात्री जेवतानाच सांगितलं होतं. ती भडकली. "आता रस्त्यात लोक माझ्याकडे बोट दाखवतील." मी म्हटलं, दाखवू देत. ती म्हणाली, "तुला सोपं आहे." सोपं नाही, पण ते तिला सांगितलं नाही. सकाळी डब्यात मऊ भात होता, रोजच्याहून जास्त.

अनुस्वार उशिरा आला. कुणाकडे न बघता टेबलापाशी आला आणि खुर्ची पुढे ओढली, अकरा वर्षं होती तिथपर्यंत. मी म्हटलं, "तुम्हाला कळलं असेलच."

"कळलं."

"मग मागेच बसा की. वासाने मागे गेला होतात ना?"

तो म्हणाला, "वास माझ्या तोंडाचा आहे, बाई. तुमच्या नव्हे." आणि प्रूफ उघडलं. "सतरावं पान. सुरू करा."

सभ्य माणूस आहे. माझी समजूत घालायला स्वतःच्या तोंडाला नावं ठेवतो.

७ एप्रिल, मंगळवार

नऊच्या ठोक्याला खुर्चीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्यामुळे काल आमची मीटिंग झाली." भूल दिली आणि उजवी बाजू खरवडून काढली. तास लागला. माझ्यानंतरच्या बाईने दारातून विचारलं, "यांच्यानंतर मी?" माझं तोंड उघडं, आत नळी, एक अक्षर बोलता येईना. आयुष्यात इतकं गप्प कधी बसले नव्हते. डॉक्टरीणबाईंनीच उत्तर दिलं, "हो, यांच्यानंतर तुम्ही. नको असेल तर पुढच्या आठवड्यात या." ती बाई निघून गेली. तिच्यानंतरचे आजोबा तेच, मागच्या मंगळवारचे. ते येऊन बसले.

९ एप्रिल, गुरुवार

रक्त निम्मं झालं. दुधातून पाव काढून कोरडा खाल्ला. शेवटचा कोरडा पाव कधी खाल्ला होता ते आठवेना. सावकाश चावला, मजा आली.

१५ एप्रिल, बुधवार

काल दुसरी बाजू झाली. फोड गेला. चाकातला च तासाभरात दोन-चार वेळा तरी बरोबर येतो. मालकांनी दारातून ऐकलं आणि मान डोलावून गेले, म्हणजे शाळेच्या पुस्तकांचं काम मला मिळेल असं दिसतं.

दुपारी अनुस्वारने विचारलं, "तो सकाळचा नंबर तुम्हालाच देतात की कुणालाही?"

"मागितला तर कुणालाही. का?"

"भावासाठी विचारत होतो."

मला फार आनंद झाला. म्हटलं, मी काढून आणते, पुढच्या मंगळवारी नऊचा त्यांना आणि साडेनऊचा मला. भावाचं नाव विचारलं तर म्हणाला, "नाव तो तिथे सांगेल." बहुतेक फार लाजाळू असावा. मी म्हटलं, त्यांना म्हणावं घाबरू नका, मी असेन. अनुस्वार म्हणाला, "ते मी त्याला सांगितलंय."

२१ एप्रिल, मंगळवार

पावणेनऊला पोचले. पहिल्या बाकावर अनुस्वार एकटाच बसला होता, इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची बाटली. मी म्हटलं, "भाऊ कुठे आहे?"

तो म्हणाला, "मला भाऊ नाही, बाई."

मी त्याच्या शेजारी बसले. गोळ्या आणायला जायचे ते पहिले गुरुवार, पाण्याच्या बाटल्या, सोड्याच्या गुळण्या, रुमाल, सगळं एकामागून एक समोर आलं. अकरा वर्षं समोरासमोर बसून आम्ही दुसऱ्यांच्या चुका पकडत होतो, आणि माझ्या नाकासमोरचं मला वाचता आलं नाही. मला स्वतःची लाज वाटली. त्याला विचारलं, माझी नऊ वर्षं, तुमची किती. तो म्हणाला, "तुमच्याहून दोन जास्त."

मग म्हणाला, "एवढ्या लोकांत पहिल्यांदा उठायचं म्हणजे... मी शेवटी बसलो तरी चालेल मला. सवय आहे."

"मला चालणार नाही," मी म्हटलं. "पण जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ओढून नेणार नाही."

हॉल भरत आला होता. मागच्या रांगांत मला ओळखणारे होते, माझ्याकडे बोट करून कुजबुजत होते. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाकडेही आता ते बघत होते. खिडकीतल्या बाईने नऊचा नंबर पुकारला. तो उठला नाही. तिने पुन्हा पुकारला. तो उठला, बाटली बाकावर ठेवली, आणि खिडकीपाशी गेला.

"नाव?"

त्याने सांगितलं. मलासुद्धा ऐकू आलं नाही.

"मोठ्याने सांगा, ऐकू येत नाही."

माझी सवय, मी तोंड उघडलं. त्याने मागे न बघता हात वर करून मला थांबवलं. मग स्वतःच पुन्हा सांगितलं, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि या वेळी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.